आमच्या आठशेची तीस वर्षं

(गेल्या गणेशोत्सवात, सप्टेंबर २०२५ मध्ये, समाजाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिंदेशाहीचा इतिहास अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलून गेली. त्यामुळे चिटणीस घरी येऊन "यंदा तुम्ही दोघं बोला" असं म्हणाले तेव्हा आम्ही हात जोडले. एक निवृत्त कारकून आणि एक निवृत्त शिक्षिका, आम्ही कशावर बोलणार? तर ते म्हणाले, "तुमच्या गाडीवर बोला. सगळ्या लश्करला ती ठाऊक आहे." म्हणून आज मारुती आठशेवर बोलतो आहोत. माईक एकाच्या हातात असला तरी भाषण दोघांचं आहे. मजकुरावरून घरात दोन वेळा भांडण झालं, यावरून ते खरंच दोघांचं आहे हे तुमच्या लक्षात यावं.

आमच्या लहानपणी लश्करात मोटार म्हणजे डॉक्टरांची, वकिलांची किंवा सरदार घराण्याची. एक तर ॲम्बॅसेडर, नाही तर फियाट. फियाट वालचंदशेठच्या कंपनीत, मुंबईला कुर्ल्यात तयार व्हायची, म्हणून अण्णांना तिचा मराठी अभिमान. पण अभिमान वेगळा आणि ऐपत वेगळी. बाकी आपण सगळे टांगा, टेंपो आणि चेतक स्कूटरवाले. चेतकवर मुलगा पुढे उभा, मुलगी दोघांच्या मध्ये दाबून बसलेली आणि पिशवी हुकाला, असं आम्ही वर्षानुवर्षं फिरलो.

मग १४ डिसेंबर १९८३ उजाडला. त्या दिवशी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिल्या. किंमत ४७,५०० रुपये. मूळ गाडी जपानच्या सुझुकीची. जपानमध्ये तेव्हा सर्वांत लहान वर्गातल्या गाडीला ५५० सीसीची मर्यादा होती. आपल्याकडे आलं ते ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. बोनेट उघडून पाहणारे जुने ड्रायव्हर म्हणायचे, "हे काय, शिवणाच्या मशीनचं इंजिन?" तेच इंजिन पुढे तीस वर्षं देशभर धावलं.

आमच्या घरी ती यायला १९९६ साल उजाडलं. ती मेळ्यातून आली, हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. माधवराव महाराजांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या या मेळ्यात आपण पापडापासून पलंगापर्यंत सगळं घेतो. गाडी घ्यायची तरी "थांबा, मेळा लागू द्या" हेच आपलं उत्तर. अलीकडच्या वर्षांत तर मेळ्यातल्या गाड्यांवर परिवहन करात निम्मी सूट मिळते म्हणून भिंड, मुरैना, शिवपुरीहूनही लोक येतात.

पण गाडी कोणती, हे मेळ्यात ठरलं नाही. ते आमच्या वाड्याच्या दरवाज्यात ठरलं. आमचा वाडा जुना, गल्ली त्याहून जुनी. अण्णांनी शिंप्याकडून टेप आणली आणि दरवाजाची चौकट मोजली. सव्वापाच फूट. ॲम्बॅसेडरची रुंदी जवळजवळ साडेपाच फूट, म्हणजे तो प्रश्न तिथेच मिटला. मारुती पावणेपाच फूट. अण्णा म्हणाले, "दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच उरतात. आरसा मिटून आत घ्यायची." कर्ज काढून, पी.एफ.मधले थोडे काढून, आईच्या दोन बांगड्या मोडून सगळे मिळून दोन लाखांच्या घरात गेले. पांढरी, एसी नसलेली, चार गिअरची. आईने तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पहिल्याच दिवशी चौकटीला डावी बाजू घासली. तो ओरखडा अजून आहे. आम्ही तो कधी रंगवला नाही.

छोटी गाडी म्हणजे काय, हे दिल्ली-मुंबईच्या माणसाला कळत नाही. सराफा, दाल बाजार, दौलतगंज, माधवगंज इथे राहणाऱ्याला कळतं. समोरून हातगाडी, मागून स्कूटर, मध्ये गाय, अशा वेळी सव्वातीन मीटरची गाडी ज्या फटीतून निघते त्या फटीत दुसरी मोठी गाडी संध्याकाळपर्यंत अडकते. दरवर्षी गणपती तिच्यातूनच घरी आला. मूर्ती मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर एक जण बसायचा, मागे टाळ वाजवणारी तीन मुलं. विसर्जनाला सागरताल. महालक्ष्म्यांच्या पूजेची खरेदी, ढोलीबुवांच्या मठातल्या कीर्तनाला आईला नेणं, वर्षाच्या गव्हाची पोती, गल्लीतल्या चार मुलींच्या पाठवण्या, सगळं तिनेच केलं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमची गाडी म्हणजे पंचायतीचा नळ." तक्रार नव्हती ती, कौतुकच होतं.

२००३ च्या जानेवारीत रात्री दोन वाजता अण्णांच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिका गल्लीत शिरणं शक्य नव्हतं. बाहेर धुकं, तीन-चार अंशांची थंडी. त्या थंडीत चोकचा खटका ओढायचा, दोन सेकंद थांबायचं आणि मग किल्ली फिरवायची. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. शेजारच्या दोघांनी अण्णांना खाटेवरून मागच्या सीटवर निजवलं आणि अकरा मिनिटांत आम्ही रुग्णालयाच्या दारात होतो. अण्णा त्यानंतर नऊ वर्षं जगले. जीव डॉक्टरांनी वाचवला, गाडीने फक्त वेळ वाचवला. पण त्या रात्रीपासून ती आमच्या घरात वस्तू राहिली नाही, आणि पुढे जे सांगणार आहोत त्याची अडचणही तिथूनच सुरू झाली.

आता एक आनंदाची गोष्ट. १९९८ च्या मे महिन्यात नाशिकला भाच्याची मुंज होती. रेल्वेचं आरक्षण मिळेना. अण्णा म्हणाले, "आपल्या दारावरून आग्रा-मुंबई रस्ता जातो. तोच नाशिकला जातो. चला." पाच माणसं, टपावर ट्रंक, पाण्याच्या दोन सुरया आणि खिडकीला ओला पंचा. पहिल्या दिवशी शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास करत रात्री इंदूरला मावशीकडे. दुसऱ्या दिवशी मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, सेंधवा, बिजासनीदेवीचं दर्शन. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी कुंथत होती आणि मागच्या ट्रकवाल्याचा हॉर्न थांबत नव्हता. घाट उतरलो तर पळासनेर, महाराष्ट्राचं पहिलं गाव. समोरून लाल एस.टी. आली. तिच्यावरची मराठी पाटी अण्णांनी मोठ्याने वाचली आणि गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले, चष्मा पुसला, पुन्हा बसले. काही बोलले नाहीत. चार पिढ्या ग्वाल्हेरात राहिलेल्या माणसाला त्या पाटीत काय दिसलं, ते या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही.

तसा प्रवास पुढे पाच वेळा केला. त्यातल्या एका परतीत धडाही मिळाला. २००७ ची गोष्ट. गुना सोडल्यावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. निघताना रेडिएटरचं पाणी पाहिलं नव्हतं. चूक सर्वस्वी आमची. "शिवपुरीला पोहोचू, मग बघू" म्हणून तशीच दामटली. रबरी नळीला बारीक चीर होती, त्यातून पाणी गेलं. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, फार तापलं की ते वाकतं आणि खालची गॅस्केट उडते. शिवपुरीच्या अलीकडे पांढरा धूर सोडत ती थांबली. ट्रॅक्टरला बांधून आणली. नळी साठ-सत्तर रुपयांची होती, खर्च आठ हजारांचा झाला. आमचे मिस्त्री, जे गेली पंचवीस वर्षं तिला हात लावतात, तेवढंच म्हणाले, "भाईसाहब, काटा देखने के लिए ही लगाया है."

त्या दिवसापासून नियम केला. दर रविवारी सकाळी चहा व्हायच्या आधी, इंजिन थंड असताना पाणी, ऑइल, ब्रेकचं तेल, बॅटरी आणि चार चाकांची हवा पाहायची. पाच मिनिटांचं काम. दुसरा नियम म्हणजे रबराचं वय किलोमीटरवर नाही, वर्षांवर मोजायचं. गाडी उभी राहिली तरी नळ्या, पट्टे, टायर म्हातारे होतातच. टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला बारीक चिरा पडल्या की तो बदलायचा. निवृत्तीनंतर ज्यांच्या गाड्या महिनोन्महिने अंगणात उभ्या असतात, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

आमच्याकडे गाडीची एक वही आहे. पहिलं पान अण्णांच्या अक्षरात. पेट्रोल कधी भरलं, किती, काटा किती, काय बदललं, सगळं त्यात आहे. भाषणासाठी बेरीज केली. साडेएकोणतीस वर्षांत १,८६,००० किलोमीटर. लिटरला सरासरी साडेसोळा, म्हणजे सुमारे ११,००० लिटर पेट्रोल. टायरचे पाच संच, आठ बॅटऱ्या, तीन क्लच प्लेटा, एकदा इंजिन उघडलं, एकदा पत्र्याचं काम आणि रंग. पहिल्या पानावर पेट्रोल लिटरला २० रुपयांच्या आसपास, शेवटच्या पानावर शंभराच्या वर. सुटे भाग कधी अडले नाहीत. आठशेचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण हेच इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत चालू होतं. आणि गंमत पाहा, सीमेपलीकडे पाकिस्तानातही हीच गाडी ‘मेहरान’ नावाने २०१९ पर्यंत बनत होती.

आता या वर्षीचा चर्चेचा विषय, म्हणजे पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाडीवाल्यांमध्ये सध्या याचीच भीती आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की, बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवून घेतलेल्या चारचाकीचं मायलेज वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर सहा ते सात टक्के घटू शकतं. आमच्या वहीतही लिटरला एक किलोमीटरची घट दिसते. आम्ही पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि कार्बोरेटरची गॅस्केट बदलून घेतली, टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी फार दिवस उभी करत नाही. घाबरून जाऊ नका, पण गाडीत पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्षही करू नका.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की ही गाडी आम्ही नातवंडांना वारसा म्हणून देणार. आम्हालाही तसंच वाटत होतं.

गेल्या जानेवारीत मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात आली होती. नातीला चंबळ पाहायची होती. आम्ही म्हटलं, आपल्या आठशेतून जाऊ. धौलपूरच्या अलीकडे चंबळचा पूल पाहून परत फिरलो. मुरैना सोडल्यावर धुकं दाटलं. रस्त्याच्या कडेला दिवे न लावता एक ट्रक उभा होता. दिसला तेव्हा फार जवळ होता. ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि गाडी फिरकी घेऊन आडवी थांबली. ट्रकपासून हातभर अंतरावर. मागे सुनेच्या मांडीवर बसलेली नात पुढच्या सीटच्या लोखंडावर आदळली. भुवईवर तीन टाके पडले.

मागे पट्टे नव्हते. नंतर बसवून घेता आले असते, आम्ही कधी घेतले नाहीत. चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आता नव्या गाड्यांत सक्तीची आहे, पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या आहेत. आमच्या गाडीत यातलं काहीच नाही. तिच्या काळात ते कोणी मागितलंही नव्हतं. त्या रात्री घरात कोणी आम्हाला बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई चहा घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आई, बाबा, त्या गाडीने आजोबांना वाचवलं, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. माझा तिच्यावर राग नाही. पण माझी मुलगी पुन्हा तिच्यात बसणार नाही."

आम्हाला आधी वाईट वाटलं. मग मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "इंजन अभी दस साल चलेगा." आम्हाला हवं तेच उत्तर मिळालं होतं. पण परत येताना दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. आम्ही प्रश्नच चुकीचा विचारला होता. इंजिन किती चालेल, हा एक प्रश्न. त्या गाडीत आपल्या माणसाला बसवावं का, हा दुसरा. तीस वर्षं पहिल्या प्रश्नाची इतकी काळजी घेतली की दुसरा कधी विचारलाच नाही. घरातल्या जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपलं असंच होतं. वाड्याची वायरिंग असो, आजोबांची शेगडी असो, "अजून चालतंय ना" म्हटलं की विचार संपतो.

आमच्या गाडीची नोंदणी येत्या जानेवारीत संपते. पंधरा वर्षांनी, म्हणजे २०११ मध्ये, पहिल्यांदा तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवली, मग २०१६, मग २०२१. २०२१ मध्ये नूतनीकरणाला ६०० रुपये लागले होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि गेल्याच महिन्यात, वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी, १०,०००. दिल्लीकडे तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला मज्जावच होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम केला, आणि यंदा ऑगस्टमध्ये अशा गाड्यांवरची कारवाई तूर्त थांबवली. पण खरं सांगतो, आमचा निर्णय पैशांवरून किंवा कायद्यावरून झालेला नाही. दहा हजार आम्ही भरले असते.

दोन गिऱ्हाइकं आली होती. एकाने चाळीस हजार देऊ केले. म्हणाला, "कागद राहू द्या तुमच्याच नावावर, गावाकडेच चालवायची आहे." मंडळी, इथे जरा कान द्या, कारण आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की, गाडी विकली तरी आरटीओच्या दफ्तरात ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात येते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, जी गाडी आपल्या नातीसाठी धोक्याची, ती गावाकडच्या कोणाच्या तरी नातीसाठी सुरक्षित कशी? चाळीस हजारांना आम्ही नाही म्हटलं.

जानेवारीत आम्ही ती सरकारमान्य स्क्रॅप केंद्राला देणार आहोत. तिथून जमा-प्रमाणपत्र मिळतं, त्यावर आरटीओतली नोंदणी रद्द होते, आणि नवी खाजगी गाडी घेताना परिवहन करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. नवी गाडी घेणार आहोत, छोटीच. मेळा लागू द्या. फक्त या वेळी टेपबरोबर आणखी एक यादी नेणार आहोत. एअरबॅग किती, एबीएस आहे ना, मागच्या तिन्ही जागांना पट्टे आहेत ना, आणि टक्कर-चाचणीत तारे किती. ही यादी सूनबाईंनी लिहून दिली आहे. वहीच्या शेवटच्या पानावर, अण्णांच्या अक्षरासारख्याच नीट अक्षरात.

परवा गणपती मात्र तिच्यातूनच आणला. दाल बाजारापासून वाड्यापर्यंत, वीसच्या वेगाने. नात मागे बसली नव्हती. ती दिंडीदरवाज्यात उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करत होती, "आजोबा, डावीकडे तीन इंच! उजवीकडे तीन इंच!" आरसा मिटला आणि गाडी आत घेतली. या वेळी चौकटीला कुठेही घासली नाही.

 गणपती बाप्पा मोरया!